कोणाची हरकत आहे काय?

मी बोलते फार. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको. नोकरी शाळेत लिपिकाची, पण वर्गावर्गात आवाज पोहोचतो तो माझा. मुख्याध्यापक त्यावर दोनदा बोलून थकले. गावच्या तलावाची पाणी वापर संस्था आहे, तिची मी सचिव. अक्षर चांगलं म्हणून ते पद मिळालं असं मी पाहुण्यांना सांगते. खरं म्हणजे बैठकीच्या कल्ल्यात कोण काय म्हणालं ते ऐकू येणारी, आणि वर सगळ्यांना दामटून खाली बसवणारी, गावात मी एकटीच होते.

गाव आमचं पवनी तालुक्यातलं, कोंढ्यापासून जवळ. चहूकडे धानाच्या बांध्या आणि मधोमध तलाव. त्या तलावाच्या बैठकीचा एक जुना कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही. मतदान करायचं नाही. अध्यक्ष एकेकाकडे पाहतात आणि ज्याला पटलं त्याने मोठ्याने 'हो जी' म्हणायचं. जो गप्प बसला, त्याला पटलेलं नाही. त्याला पटेपर्यंत बैठक उठत नाही. बाहेरून येणारे साहेब वैतागतात. 'बहुमत आहे ना, मग संपवा,' म्हणतात. पण बहुमताने तुडूम उघडला, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दगडी तोंड उघडलं, तर अल्पमतातला माणूस दुसऱ्या दिवशी तिथे चिखल कोंबून येतो, हे साहेबांना कोण सांगणार? म्हणून आम्ही बसतो. एकदा एका गप्प माणसापायी तीन दिवस बसलो होतो.

हाच कायदा आमच्या घरीही चालतो. आणि त्यानेच मी माझ्या मुलीला अडवून धरलं होतं.

मुलगी एकुलती एक. समुद्रकाठच्या एका शहरात संशोधन करते. कशावर, तर दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाळ खंडावर जी तळी आहेत, त्यांतल्या शेवाळावर. मे महिन्यात डोक्याला ओला दुपट्टा बांधून वाढलेली पोर बर्फातलं शेवाळ तपासते, याचं मला हसू येई आणि चारचौघांत मिरवावंसंही वाटे. ती माझ्या अगदी उलट, अबोल. दोष माझाच. डॉक्टरांनी विचारलं 'कुठे दुखतं', तर सांगायची मी. बाईंनी पाढा विचारला, तर दाराबाहेरून म्हणायची मी. तिच्या तोंडातला शब्द बाहेर पडायच्या आत माझं वाक्य पूर्ण होऊन पूर्णविरामही पडलेला असे.

दिवाळीला ती आली तेव्हा जेवता जेवता म्हणाली, "आई, तिथल्या आपल्या ठाण्यावर जायची संधी आहे मले. वर्षाहून जास्त राहावं लागते. हिवाळ्यात मधातून वापस येता येत नाई."

तिचे बाबा लगेच म्हणाले, "जा नं पोरी."

मी गप्प बसले. ज्या घरात फोडणी जळली तरी माझं भाषण होतं, त्या घरात मी पूर्ण जेवण होईस्तोवर बोलले नाही. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. जिथे दोन महिने सूर्य उगवत नाही, विमान येत नाही, जहाज येत नाही, तिथे पोरीला काही झालं तर मी बोलून बोलून कोणाला बोलणार? माझा सगळा जोर जिभेत, आणि जीभ तिथे पोहोचत नाही. ती तलावाच्या काठची मुलगी, तिला कायदा ठाऊक. तिने पुन्हा विषय काढला नाही. कमावती आहे, सज्ञान आहे, माझ्या सहीची तिला काही गरज नव्हती. पण जाताना बाबांना सांगून गेली, "आईनं हो म्हटल्याबिगर मी नाई जात." होकार कळवायची मुदत मे महिन्याच्या अखेरीपर्यंत होती.

मे उजाडला आणि ती आठ दिवसांची सुट्टी घेऊन घरी आली. ऊन असं, की कूलरमध्ये पाणी टाकता टाकता माणसालाच टाकीत बसावंसं वाटावं. ती कूलरसमोर पाट ठेवून बसायची आणि हातातला कागद पुटपुटत वाचायची. दोन दिवस मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी कागद हिसकावला.

"काय पुटपुटून राहिली वं? मंत्र आहे काय?"

तेव्हा कळलं. त्या बर्फाळ खंडाचा कारभार पाहायला करारातले देश दरवर्षी कुठेतरी जमतात. त्या वर्षी ती बैठक आपल्याच देशात, केरळात भरणार होती. आपल्या देशातर्फे तळ्यांबद्दल एक मांडणी जायची होती आणि त्यातला एक परिच्छेद माझ्या मुलीने लिहिला होता. तिचे वरिष्ठ त्याच वेळी दुसऱ्या दालनात असणार, म्हणून पर्यावरणाच्या समितीत तो परिच्छेद तिलाच वाचायचा होता. इतक्या देशांसमोर. माईकवर. जिने आयुष्यात किराणा दुकानातही स्वतःहून 'साखर द्या' म्हटलं नव्हतं.

"त्या खंडाचा मालक कोण?" मी विचारलं.

"कोणीच नाई."

"म्हणजे सातबारा?"

"सातबारा नाई आई. सात देशांनी आधी म्हटलं होतं का हा तुकडा आमचा. करारानं थे दावे गोठवून ठेवले. हो बी नाई म्हटलं, नाई बी नाई म्हटलं."

मी पाटावरच बसले. अख्खा खंड, सातबारा नसलेला! आमच्याकडे शेताच्या वीतभर धुऱ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात म्हातारे झाले. मी एकामागून एक विचारत सुटले आणि ती सांगत गेली. फौज न्यायची नाही. खाण खोदायची नाही. कोणत्याही देशाच्या ठाण्यावर निर्णयात बसणाऱ्या दुसऱ्या देशाची माणसं केव्हाही तपासणीला येऊ शकतात, दार उघडायचं. निर्णयात बसणारे देश एकोणतीस, बाकीचे येतात, ऐकतात, बोलतात, पण त्यांच्या हो-नाहीवर काही ठरत नाही.

"आणि एकोणतिसांत मतदान कसं होते?"

"होतच नाई. एकानंबी नाई म्हटलं तं काम थांबते."

मी उभी राहिले. माझ्या अंगावर काटा आला, आणि शेहेचाळीस डिग्रीत काटा येणं सोपं नाही. "अवं, ही तं आपल्या तलावाची बैठक आहे!" मी ओरडले. वऱ्हांड्यात तिचे बाबा झोपले होते ते उठून बसले. मग ती म्हणाली की शेवटच्या दिवशी पूर्ण बैठकीचं इतिवृत्त सगळ्यांसमोर ठेवतात आणि परिच्छेदामागून परिच्छेद करत, शब्दाशब्दावर घासाघीस करत मंजूर करतात. हे ऐकून मला जे झालं ते एखाद्या सचिवालाच समजेल. वीस वर्षं मी 'चर्चा झाली' लिहावं की 'सविस्तर चर्चा झाली' यावर शिव्या खाल्ल्या आहेत. आणि जगातले एवढे मोठे देश हेच करतात! त्या क्षणापासून ती बैठक माझी झाली.

"तुले सराव पायजे," मी जाहीर केलं. "उद्या संध्याकाळी पारीवर."

पार म्हणजे तलावाचा बांध. तिथे आंब्याच्या झाडाखाली संस्थेची बैठक भरते, आणि दुसऱ्या दिवशी ती होतीच. मुलगी नको नको म्हणत राहिली. मी ऐकते होय! लग्नसराई चालू होती, घरात पत्रिकांचा ढीग. त्या उलट्या दुमडून मी देशांची कार्डं केली. बोलायचं असलं की देशाच्या नावाची पाटी उभी करतात, असं तिने सांगितलं होतं. म्हणून प्रत्येकाने आपलं कार्ड मांडीवर आडवं ठेवायचं आणि बोलायचं असेल तेव्हा उभं धरायचं, असा मी नियम केला. इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे बसवलं. त्यामुळे तिचे बाबा अर्जेंटिना होऊन सगळ्यात पुढे आले. त्यांना आयुष्यभर मागे बसायची सवय, लग्नाच्या फोटोतही ते मागे आहेत. तोंड बारीक करून बसले.

संस्थेचे अध्यक्ष, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो, त्यांना भारत पाहिजे होता. भारत मांडणारा आहे, तो मुलीकडे, असं सांगितलं तर रागावले. मग त्यांना फ्रान्स दिला आणि सांगितलं की त्या बैठकीत चारच भाषा चालतात, त्यांतली एक तुमची. त्यावर ते खुलले आणि शेवटपर्यंत हिंदीत बोलले.

मासेमारांतर्फे आमच्या संस्थेत एक ढिवरीण आजी आहे. सत्तरी उलटली असेल. नेहमी कडेला बसते आणि हाताने जाळं विणत राहते. तिने विचारलं, "सगळ्यात थंड देश कोणता आहे वं यातला?" मी नॉर्वे दिला. तिने कार्डावर फुंकर मारली आणि जाळ्याखाली ठेवून दिलं.

मुलगी उभी राहिली. कागद हातात. "आपल्या ठाण्याजवळ," तिने सुरुवात केली, आणि आवाज बसला. मी पुढचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

"तू गप बस वं मास्तरीन," आजी जाळ्यातून नजर न काढता म्हणाली. ती मला मास्तरीण म्हणते. लिपिक आणि मास्तर यांत तिला फरक वाटत नाही. मी तोंड मिटलं. आणि मुलीने वाचलं. पहिलं वाक्य मोडून, दुसरं भरभर, तिसरं नीट. तिचं म्हणणं साधं होतं: तिथे गोड्या पाण्याची बरीच तळी आहेत, प्रत्येक तळ्यातला जीव वेगळा आहे, म्हणून नमुने घेणाऱ्यांनी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे जाताना अवजारं धुऊन न्यावीत, म्हणजे इथलं शेवाळ तिथे जाणार नाही. वाचून झालं. मग अध्यक्षही तीच झाली आणि तिने सगळ्यांकडे पाहून विचारलं,

"कोणाची हरकत आहे काय?"

सगळे गप्प. अकरा माणसं, आंब्यावरचा एक कावळा, आणि कोणाचं कार्ड हललं नाही.

"मंजूर," ती हलकेच म्हणाली आणि बोटाने दगडावर दोनदा टकटक केलं.

मग जो भडका उडाला! काकाजी उठून उभे. "ये क्या हो गया? हम तो अभी बोलेच नहीं! मंजूर कैसे?" अर्जेंटिनाही मागे वळून म्हणाला, "पोरी, कोणी हो म्हटलंच नाई नं." सगळे एकदम बोलायला लागले. पोरीने शिकून शिकून गावाचा कायदा मोडला, असा एकूण सूर.

तेव्हा तिने समजावलं. तिथे कोणी 'हो' म्हणत नाही. अध्यक्ष हरकत विचारतात, कोणी पाटी उभी केली नाही, शांतता राहिली, की हातोडी वाजवून मंजूर. तिथे गप्प म्हणजे हो.

आम्हाला हे पचायला जड होतं.

"आन् रुसलेल्या माणसाचं काय करत असन थे लोक?" आजीने विचारलं.

"रुसून चालत नाई आजी तिथं. पटलं नसन तं पाटी उभी करायची अन् काहून नाई पटलं थे सांगायचं."

आजीने यावर विचार केला. मग जाळं बाजूला सारलं, कार्ड काढलं आणि उभं धरलं. नॉर्वे उलटा होता, पण उभा होता.

"धुऊन होत नाई," ती म्हणाली. "आमी एका बोडीतलं जाळं दुसऱ्या बोडीत धुऊन टाकत नाई. वाळवून टाकतो. कडक उन्हात, दोन दिवस. नाई तं तिकडची घाण इकडं येते. माह्या सासऱ्यानं एकदा ओलं जाळं टाकलं, तं आठ दिवस त्याले कोणी बोडीवर येऊ देलं नाई. तिथं ऊन आहे काय?"

बोडी म्हणजे लहान तळं. मुलगी पुढे सरकली. "उन्हाळ्यात चोवीस तास आहे आजी."

"मंग झालं. वाळवा म्हना."

तिने तिथेच पेनाने 'धुऊन' शब्दापुढे 'व वाळवून' असं लिहिलं. घरी येताना ती माझ्याशी बोलत होती आणि मी ऐकत होते. पाऊण किलोमीटर. एवढं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस सराव चालला. फ्रान्सने तिला घाम फोडला. "इसका खर्चा कौन देगा? देखरेख कौन करेगा? पाणकर किसका?" पाणी वाटणारा पाणकर त्या बर्फात कोणी नेमलेला नाही, हे काकाजींना पटतच नव्हतं. ती उत्तरं द्यायला शिकली. चौथ्या दिवशी तर काकाजींचं कार्ड उभं असताना ती म्हणाली, "फ्रान्सचं म्हणणं ऐकलं, पन थे या परिच्छेदात बसत नाई." मी टाळी वाजवली. सचिवाने टाळी वाजवू नये हे मला माहीत आहे.

ती केरळात गेली आणि इकडे आमची बैठक सुरू झाली. शाळेला सुट्टी, मला काम नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिचा दिवस गोल केला. त्या दिवशी सकाळपासून पोळ्या जाड होत होत्या. बारा वाजता तिचा फोन आला, कुजबुजता आवाज.

"आई, एका देशानं पाटी उभी केली."

"कोण? कोण आहे थो?" मी पदर खोचला. खोचून कुठे जाणार होते कोण जाणे.

"'वाळवून' या शब्दावर हरकत आहे त्यायची."

माझ्या रागाचा पारा चढला. आजीच्या शब्दावर? आठ दिवस बोडीबाहेर ठेवलेल्या सासऱ्याच्या शब्दावर? मी त्या देशाबद्दल जे बोलले ते करारात बसणारं नव्हतं.

"आई, ऐक नं. बरोबर आहे त्यायचं. तिथलं शेवाळ वाळलं तरी मरत नाई, गोठलं तरी मरत नाई. पाणी भेटलं का पुन्हा उठते. म्हणून वाळवून पुरत नाई म्हणते. चहाच्या सुट्टीत बसून नवीन वाक्य करायचं आहे. उद्या पुन्हा मांडायचं."

तिच्या आवाजात रडू नव्हतं. मला आश्चर्य तेच वाटलं. मी तशीच उन्हात आजीच्या घरी गेले आणि धापा टाकत सांगितलं की तुमचा शब्द अडवला. आजी मासे साफ करत होती. तिला काहीच वाटलं नाही.

"वाळून मरत नाई? मंग लई चिवट आहे थे. अशाले हरेक बोडीचं जाळंच अलग ठेवा लागते," ती म्हणाली. "जाळी पुरत नसन तवा धुऊन वाळवून." आणि पुन्हा खवले काढायला लागली.

मी मुलीला संदेश पाठवला. तिचं उत्तर आलं: 'आई, आम्ही आत्ता हेच लिहिलं. शक्यतो प्रत्येक तळ्याला वेगळी अवजारं. नसेल तिथे धुऊन, वाळवून. त्या देशाची बाईच म्हणाली आधी.' मी ते आजीला वाचून दाखवलं. "बाई आहे व्हय थे?" आजी म्हणाली. "मंग कोणीतरी मासे मारत असन तिच्या घरी."

दुसऱ्या दिवशी मी पारीवर जाऊन बसले, घरात बसवेना. काकाजी होते, तिचे बाबा होते, आजी होती. बाकीच्यांतलंही कोणी सहज आलेलं नव्हतं, सगळे सहज आल्यासारखं करत होते. साडेअकराला फोन वाजला. संदेश. मोठ्याने वाच, मोठ्याने वाच, असा सगळ्यांचा कल्ला.

मी वाचलं: "मांडलं. सगळे गप्प."

गप्प! एकोणतीस देश गप्प! एकानेही हो म्हटलं नाही. माझ्या पोरीने माईकवर उभं राहून एवढं मांडलं आणि एकाच्याही तोंडून 'हो जी' निघू नये? मी खाली बसले आणि खरंच सांगते, डोळ्यांना पदर लावला. "जाऊ द्या," काकाजी मराठीत म्हणाले, म्हणजे त्यांनाही लागलं होतं. तिचे बाबा पाण्याकडे पाहत राहिले. "पुढच्या वर्षी करन," कोणीतरी म्हणालं.

"काय मयत झाली काय इथं?" आजीचा आवाज. "तिथं गप म्हणजे हो व्हय नं वं? पोरीनं कायले सांगतलं होतं मंग?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वीस वर्षांची सचिव मी, आणि मीच विसरले होते. मी उठले आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण पल्याड म्हशी धुणारा माणूस धावत आला. काकाजींनी दगडावर दोनदा टकटक केलं, त्यांना ते मनातून फार आवडलं होतं. तिचे बाबा हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत. मी आजीला मिठी मारली आणि माझ्या साडीला माशांचा वास लागला तो दोन धुण्यांत गेला नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. घोगरा, दमलेला, पण तिचाच आवाज. मी फोन स्पीकरवर करून स्टुलावर ठेवला. ती सांगत सुटली. दालन किती मोठं, कानाला लावायचं यंत्र कसं, चार भाषा कशा एकमेकींत शिरतात, ती आक्षेप घेणारी बाई नंतर येऊन कशी हात धरून बोलली. मी मध्ये एकदाही तोडलं नाही. तिचे बाबा माझ्याकडे संशयाने पाहत होते, तब्येत बरी आहे ना म्हणून.

सरावातलं तिचं कार्ड माझ्याजवळ राहिलं होतं. मागे कोणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त, पुढे माझ्या अक्षरात 'भारत'. उगाच हातात घेऊन मी ते दुमडत होते.

"आई," ती म्हणाली आणि थांबली. "आता घरची बैठक घेऊ काय?"

मला कळलं. महिना संपायला चार दिवस होते.

"विषय एकच आहे," ती म्हणाली. आवाज थरथरला, पण बसला नाही. "मी नोव्हेंबरात तिथं जाऊ इच्छिते. चौदा महिने. काम माह्या तळ्यायचं आहे. भीती मले बी वाटून राहिली. पन मी जाऊ इच्छिते. कोणाची हरकत आहे काय?"

ती सगळी रात्र, तो न उगवणारा सूर्य, ते न येणारं विमान, सगळं माझ्या जिभेवर आलं. एक नाही, पन्नास वाक्यं तयार होती. कार्ड हातात होतं, नुसतं उभं करायचा अवकाश. मी ते मांडीवर आडवं ठेवलं आणि दोन्ही तळहातांनी दाबून धरलं.

घरात फक्त कूलरचा आवाज. तिचे बाबा माझ्याकडे पाहत होते. जन्मभर तलावाच्या बैठकीत बसलेला माणूस. त्यांना माझं गप्प बसणं एकाच अर्थाने माहीत. त्यांचा चेहरा लाल झाला. तीस वर्षांच्या संसारात जो माणूस माझ्यापुढे कधी आवाज चढवून बोलला नाही, तो ताडकन उभा राहिला.

"अवं हो म्हण नं एकदा!" ते ओरडले. "पोरगी कवापासून विचारून राहिली! बोल नं काही!"

मी एका हाताने कार्ड तसंच दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

फोनमधून टकटक ऐकू आली. दोनदा. लाकडावर.

"मंजूर," माझी मुलगी म्हणाली.